हे खरं आहे का? जगावेगळ्या जागांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण जगावेगळ्या जागा आणि निसर्ग-इतिहासातल्या अजब गोष्टींबद्दल प्रश्न मागवले होते, आणि आलेली बहुतेक पत्रं एकाच वाक्यावर संपतायत, "ताई, हे खरं आहे का?" फॉरवर्ड आलेला असतो, व्हिडिओ पाहिलेला असतो, ऐकताना भारी वाटतं पण मनात शंका राहते. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण अशा बहुतेक जागांची खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी जास्त चक्रावून टाकणारी असते. म्हणून यावेळी थोडे प्रश्न घेतलेत पण जरा सविस्तर लिहितेय.

प्रश्न: अमेरिकेत एका वाळवंटात दगड आपोआप चालतात म्हणे. मागे लांबलचक रेघ दिसते पण चालताना कोणीच पाहिलेलं नाही. खाली चुंबक आहे का? की रात्री कोणी येऊन सरकवतं?

कोणीच पाहिलेलं नाही हे 2013 पर्यंत खरं होतं, आता नाही. जागेचं नाव रेसट्रॅक प्लाया, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये आहे. साधारण साडेचार किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद असा कोरडा तलाव, तळ जवळजवळ पूर्ण सपाट, चिखल वाळून सगळीकडे छोट्या छोट्या भेगांची जाळी, आणि त्यावर मध्येच एकटा पडलेला दगड आणि त्याच्या मागे गेलेली लांब चर. काही चरा सरळ, काही वळलेल्या, काही तर कोपऱ्यात वळावं तशा एकदम काटकोनात. काही दगड मुठीएवढे तर काही शेकडो किलोंचे. बरेचसे दगड काठच्या कड्यावरून पडलेल्या डोलोमाइटचे आहेत, आणि डोलोमाइटला चुंबक ओढत नाही, त्यामुळे चुंबकाचं उत्तर तिथेच संपलं.

1940 च्या दशकापासून शास्त्रज्ञ याच्या मागे होते. वावटळ, वादळी वारा, जाड बर्फाच्या लादीत अडकून उचलले जाणारे दगड, सगळं सुचवून झालं. मग रिचर्ड नॉरिस आणि जेम्स नॉरिस या चुलत भावांनी आणि त्यांच्या टीमने ठरवलं की अंदाज बास, आता मोजायचं. पार्कवाल्यांनी तिथल्या मूळ दगडांना हात लावू दिला नाही (बरोबरच केलं), म्हणून त्यांनी बाहेरून तसेच 15 दगड आणले, प्रत्येकात जीपीएस बसवला, शेजारी हवामानाचं यंत्र उभं केलं आणि वाट बघत बसले. पाच-दहा वर्षं तरी काही होणार नाही अशी तयारी होती त्यांची. पण डिसेंबर 2013 मध्ये ते तिथे पोचले तर तळावर जेमतेम 7 सेंटिमीटर पाणी साचलेलं, रात्री त्यावर बर्फ धरलेला, आणि सकाळी ऊन चढल्यावर ते बर्फ कडाकड तडकायला लागलं आणि दगड त्यांच्या डोळ्यासमोर निघाले.

होतं काय तर रात्री जो बर्फाचा पापुद्रा धरतो तो फक्त 3 ते 6 मिलिमीटर जाड असतो, खिडकीच्या काचेएवढा. उन्हाने त्याचे मोठमोठे तुकडे होतात, कित्येक मीटर लांबीरुंदीचे, आणि वारा सुटला की हे तुकडे पाण्यावर तरंगत पुढे सरकतात आणि वाटेतल्या दगडाला मागून ढकलत राहतात. खाली चिखल निसरडा झालेला असतो, त्यामुळे वादळ वगैरे लागत नाही, झाडाची पानं हलतील एवढा वारा पुरतो. दगड मिनिटाला दोन ते सहा मीटर जातो, म्हणजे इतका हळू की लांबून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही, शिवाय आजूबाजूचे सगळेच दगड एकदम सरकत असतील तर तुलना करायची कशाशी. चर त्या गढूळ पाण्याखाली उमटते, पुढे पाणी आटतं, चिखल वाळतो आणि मग कोणीतरी येऊन बघतं तर नुसती रेघ! एकाच दिवशी, 20 डिसेंबरला, 60 पेक्षा जास्त दगड हलल्याची नोंद आहे. आणि मग वर्षानुवर्षं काहीच नाही, कारण वाळवंटात पुरेसं पाणी, कडाक्याची थंडी, स्वच्छ ऊन आणि वारा हे सगळं एकाच आठवड्यात जुळून यावं लागतं.

जायचं असेल तर उबेहेबे क्रेटरपासून पुढे 43 किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, धारदार खडीचा, टायर फाटतात, मोबाईलला रेंज नाही, पाणी नाही. उंच गाडी, जाड टायर आणि जास्तीचं स्टेपनी याशिवाय जाऊ नका आणि उन्हाळ्यात तर अजिबात नको, कारण 1913 मध्ये याच डेथ व्हॅलीत 56.7 अंश सेल्सियसची नोंद झालीय. आणि एक कळकळीची विनंती, तळ ओला असेल तर त्यावर पाऊल टाकू नका. ठसा एकदा वाळला की वर्षानुवर्षं राहतो. लोकांनी तिथे गाड्या फिरवल्यात, दगड उचलून नेलेत, आणि दगड गेला की मागे फक्त अर्धवट रेघ उरते, ते फोटो बघून खरंच पोटात तुटतं.

प्रश्न: आफ्रिकेतल्या एका तलावाने एका रात्रीत हजारो लोक मारले असा मेसेज आलाय. पूर नाही, लाट नाही, विष नाही. घरात सगळ्यांशी वाद झाला, मी म्हणतोय थाप आहे.

थाप नाहीये. हा कॅमेरूनमधला न्योस तलाव, तारीख 21 ऑगस्ट 1986, वेळ रात्री नऊच्या आसपास. 1,746 माणसं आणि साधारण साडेतीन हजार गुरं गेली, काही तर तलावापासून 25 किलोमीटर लांब असलेली.

हा तलाव जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात आहे, 200 मीटरहून जास्त खोल. खालून जमिनीतून कार्बन डायऑक्साइड सतत झिरपत असतो आणि तळाच्या थंड पाण्यात विरघळत राहतो. वरच्या पाण्याचं वजन इतकं की गॅस वर येऊच शकत नाही, आणि उष्ण प्रदेशात ऋतूंचा फार फरक नसल्याने वरचं पाणी खाली, खालचं वर अशी घुसळणही होत नाही. थोडक्यात बूच घट्ट लावलेली सोड्याची बाटली. त्या रात्री ते बूच उडालं. बहुधा दरड कोसळली असावी, खालचं थोडं पाणी वर ढकललं गेलं, दाब कमी झाला तसे बुडबुडे सुटले, बुडबुड्यांनी आणखी पाणी वर ओढलं आणि बघता बघता तलावच फसफसून उठला.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो. त्यामुळे तो वर उडून गेला नाही, ढगासारखा जमिनीला धरून उतारावरून दऱ्यांत शिरला, न्योस, चा, सुबुम या गावांत. दिवे विझले, माणसं जिथे होती तिथे पडली. काही जण कित्येक तासांनी शुद्धीवर आले आणि बाहेर येऊन बघतात तर कुठेच आवाज नाही, पक्षी नाही, किडे नाहीत. मेलेल्या गुरांवर माशासुद्धा बसलेल्या नव्हत्या, कारण माशाही मेल्या होत्या. आणि एरवी निळा दिसणारा तलाव तांबडा झाला होता, खालचं लोहयुक्त पाणी वर येऊन हवेशी मिसळल्यामुळे.

यापूर्वी दोनच वर्षं आधी, ऑगस्ट 1984 मध्ये, त्याच देशात मोनून तलावाजवळ 37 माणसं अशीच गेली होती, पण तेव्हा नेमकं काय झालं हे पटकन कळलं नाही, कोणाला घातपाताचाही संशय आला. न्योसनंतर मात्र शास्त्रज्ञ कामाला लागले. आणि त्यांनी काढलेला उपाय मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. 2001 मध्ये तलावात तळापर्यंत एक उभा पाइप सोडला, सुरुवातीला पंपाने थोडं पाणी वर खेचलं आणि पंप बंद केला. पुढे खालचा गॅसच पाणी वर ढकलत राहतो, वीज नको काही नको, तलावाच्या मधोमध उंच कारंजं उडत राहतं आणि गॅस थोडा थोडा हवेत निघून जातो. 2011 मध्ये आणखी दोन पाइप बसवले.

तुमच्या घरच्या वादासाठी अजून एक मुद्दा देते. रवांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या किवू तलावातही असाच गॅस आहे, न्योसपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यात मिथेनही आहे. रवांडाने ते मिथेन काढून त्यावर वीज बनवायला सुरुवात केलीय. किवू बघायला पर्यटक जातातही. न्योसला मात्र सध्या जायचा विचार करू नका, कॅमेरूनच्या त्या भागात बरीच वर्षं सशस्त्र संघर्ष चालू आहे.

प्रश्न: तुर्कमेनिस्तानचा "नरकाचा दरवाजा" विझला का? बकेट लिस्टमध्ये होता.

पूर्ण विझलेला नाही, पण मंदावलाय. काराकुम वाळवंटात दरवाझा गावाजवळ हा साधारण 70 मीटर रुंद आणि 30 मीटर खोल खड्डा आहे, नैसर्गिक वायू पेटलेला. नेहमी सांगतात ती गोष्ट अशी की 1971 मध्ये सोव्हिएत लोक ड्रिलिंग करत होते, जमीन खचली, गॅस पसरू नये म्हणून काडी लावली, आठवड्यात विझेल असं वाटलं आणि पन्नास वर्षं जळत राहिलं. मस्त गोष्ट आहे, पण जॉर्ज कूरूनिस हा कॅनडाचा भटक्या 2013 मध्ये त्या खड्ड्यात थेट तळापर्यंत उतरला, तेव्हा त्याने त्या घटनेची कागदपत्रंही शोधली, आणि 1971 चा असा काही अहवाल त्याला सापडला नाही, स्थानिक भूवैज्ञानिकांनी तर खड्डा आधीचाच आहे असं सांगितलं. त्याने तळातून मातीचे नमुने आणले आणि त्या भट्टीतल्या मातीत जिवंत बॅक्टेरिया निघाले! मला तर आगीपेक्षा हे जास्त भारी वाटतं.

2022 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आग विझवायचा आदेश दिला, गॅस वाया जातोय, आसपासच्या लोकांच्या तब्येतीला त्रास होतोय म्हणून. आजूबाजूच्या विहिरींतून गॅस ओढायला लागल्यापासून ज्वाळा बऱ्याच कमी झाल्यात, 2025 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी आग तिपटीने कमी झाल्याचं सांगितलं. त्यामुळे जुने फोटो बघून तिकीट काढू नका, अलीकडच्या महिन्यातले बघा. मला विचाराल तर आग विझवणं योग्यच आहे. गॅस असा जळून वाया जाणं कोणाच्याच फायद्याचं नाही आणि वाळवंटातलं रात्रीचं आकाश त्याशिवायही तिथे आहेच.

प्रश्न: नमस्कार ताई, रूपकुंडच्या सांगाड्यांवर एवढं वाचलं पण प्रत्येक ठिकाणी वेगळंच. जपानी सैनिक, राजाची यात्रा, गारपीट, ग्रीक लोक. नक्की कोण होते ते? आणि ट्रेक चालू आहे का?

तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी त्या त्या वेळी गंभीरपणे सांगितल्या गेल्यात, त्यातली एक चुकीची निघाली आणि बाकीच्या तिघींत काही ना काही तथ्य आहे, म्हणून गोंधळ होतो.

रूपकुंड उत्तराखंडात त्रिशूल शिखराच्या कुशीत, 5,000 मीटरच्या थोडं वर. तलाव कसला, डबकंच म्हणायचं एवढा छोटा, आणि वर्षातला बहुतेक काळ गोठलेला. 1942 मध्ये वनरक्षक एच. के. मधवाल यांना तिथे बर्फ वितळल्यावर शेकडो माणसांची हाडं दिसली. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे पहिला संशय जपानी सैनिकांवर गेला, पण हाडं फार जुनी निघाली आणि तो विषय मिटला.

स्थानिक लोकगीतांत मात्र गोष्ट आधीपासून होती. कनौजचा राजा जसधवल गरोदर राणीला आणि नाचगाणं करणाऱ्यांना घेऊन नंदादेवीच्या यात्रेला निघाला, देवीच्या डोंगरात मौजमजा केली, देवी कोपली आणि आकाशातून लोखंडासारख्या गारा पडल्या. आणि 2004 मध्ये शास्त्रज्ञांची टीम गेली तेव्हा त्यांना काही कवट्यांवर खरंच वरून गोल जड वस्तू आदळल्यासारख्या जखमा दिसल्या. शस्त्राच्या नाहीत, दरडीच्या नाहीत. हाडांचं वय निघालं साधारण नवव्या शतकाचं. एवढ्या उंचीवर उघड्या उतारावर मोठी गारपीट झाली तर लपायला जागाच नाही. म्हणजे गाण्याने हजारएक वर्षं जी आठवण जपली ती बरीचशी जुळली.

इथपर्यंत सगळं छान बसत होतं, आणि मग 2019 चा डीएनए अभ्यास आला. हैदराबादची सीसीएमबी आणि लखनौची बिरबल साहनी या दोन संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे लोक यांनी मिळून 38 सांगाड्यांचा डीएनए काढला. त्यातले 23 जण भारतीय उपखंडातल्या लोकांशी जुळणारे, पण तेही एका कुटुंबातले किंवा एका गावातले नाहीत, वेगवेगळ्या समाजांतले, आणि सगळे एकाच दिवशी मेलेले नाहीत, सातव्या ते दहाव्या शतकात वेगवेगळ्या वेळी. उरलेल्यांत 14 जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या क्रीट बेटावरच्या लोकांच्या जवळचे, आणि ते मेले साधारण 1800 च्या आसपास! एक जण आग्नेय आशियातला. हाडांच्या रसायनावरून ते काय खात होते तेही तपासलं, तिथेही दोन गटांचा फरक दिसला.

मला ही बातमी वाचताना अंगावर काटा आला होता. हजार वर्षांच्या अंतराने दोन वेगळे समूह त्याच डबक्यापाशी पोचले. पहिल्या समूहाचं यात्रेशी जमतं, नंदादेवी राजजात ही देवीची पायी यात्रा त्याच वाटेने जाते. पण भूमध्य समुद्राकाठचे बायका-पुरुष तिकडे कशाला आले होते याचं पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. व्यापारी मार्ग तिथून जात नाही, आणि कुठल्या कागदातही त्यांचा उल्लेख मिळालेला नाही.

ट्रेकचं म्हणाल तर 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे त्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्री मुक्काम करायला बंदी घातली आणि नेहमीचा ट्रेक त्यामुळे थांबला. कोणी एजंट "सगळं मॅनेज होतं" म्हणत असेल तर पैसे भरण्याआधी वनविभागाकडे स्वतः चौकशी करा. बंदीबद्दल वाईट वाटतं हे मान्य, पण तिथल्या हाडांचं काय झालं बघा. लोक आठवण म्हणून कवटी, मांडीचं हाड पिशवीत घालून घेऊन गेलेत. ती माणसं होती हो, कोणाची तरी. आणि संशोधनासाठी उरलेला तोच एक पुरावा आहे.

प्रश्न: माझ्या मुलीने (इयत्ता सहावी) विचारलंय, एक गाव दोन देशांत असू शकतं का? आणि मग घर अर्धं अर्धं असेल तर शाळा कुठल्या देशातली?

हो बाळा, असू शकतं, आणि गावाचं नाव आहे बार्ला. नेदरलँड्समध्ये सीमेच्या आत हे गाव आहे, पण त्यात बेल्जियमचे 22 तुकडे विखुरलेत, आणि गंमत म्हणजे त्या बेल्जियमच्या तुकड्यांच्या पोटात परत नेदरलँड्सचे 7 तुकडे आहेत. हे झालं कारण साधारण 1198 मध्ये ब्रबांटचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांनी जमिनी वाटून घेतल्या, हे शेत तुझं, ते घर माझं असं. त्यांना काय माहीत पुढे यातून दोन देश होणार आहेत!

रस्त्यावर फरशीत पांढऱ्या फुल्या काढल्यात, एका बाजूला बी लिहिलंय, दुसऱ्या बाजूला एनएल. ती रेघ फुटपाथवरून जाते, दुकानात शिरते, घराच्या हॉलमधून निघते. मग घर कोणाचं? तर ज्या देशात पुढचं दार उघडतं त्या देशाचं. त्यामुळे कोणाला देश बदलून हवा असेल तर दार सरकवलं की काम झालं, आणि लोकांनी तसं केलंयही. एका घराचं तर दारच बरोबर रेघेवर आहे म्हणून त्याला दोन नंबर आहेत, दाराच्या दोन बाजूंना दोन पाट्या. शाळा, पोलीस, नगरपालिका सगळं दोन दोन आहे, आणि आता दोन्हीकडचे लोक मिळून बरीच कामं करतात.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने जवळजवळ सगळा बेल्जियम व्यापला पण हे तुकडे राहिले, कारण तिथे पोचायला तटस्थ नेदरलँड्समधून जावं लागलं असतं. मग बेल्जियमच्या लोकांनी तिथे 1915 मध्ये गुपचूप रेडिओ स्टेशन उभं केलं. आणि 2020 मध्ये कोरोनाच्या वेळी दोन देशांचे नियम वेगळे होते तर एका कपड्यांच्या दुकानाचा अर्धा भाग चालू आणि अर्धा पट्टी लावून बंद होता. मुलीला घेऊन नक्की जा, सायकल भाड्याने घ्या आणि दिवसभर देश बदलत फिरा.

प्रश्न: ऑस्ट्रेलियाने पक्ष्यांविरुद्ध युद्ध केलं आणि हरले, खरं का?

रीतसर युद्ध नव्हतं पण सैनिक, मशीनगन आणि गोळ्या खऱ्या होत्या. 1932, पश्चिम ऑस्ट्रेलिया. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने तिथे शेतीला जमिनी दिलेल्या, त्यात मंदी आली, गव्हाचे भाव पडले, आणि वर सुमारे 20,000 इमू पाण्याच्या शोधात शेतात घुसले, पीक तुडवलं, कुंपणं तोडली. शेतकरी पुरते हवालदिल झाले होते, म्हणून त्यांनी थेट संरक्षणमंत्र्यांकडे मशीनगन मागितल्या. मेजर मेरेडिथ दोन लुईस गन आणि 10,000 गोळ्या घेऊन आले. इमू गोळीबार सुरू झाला की छोट्या छोट्या टोळ्यांत फुटून पळायचे, गाडीवर बंदूक बसवून पाठलाग केला तर गाडी इतकी उसळायची की नेम धरता येईना. एकदा बंधाऱ्याजवळ हजारेक इमू टप्प्यात आले तर बंदूकच अडकली. मध्ये मोहीम थांबवली, परत सुरू केली, आणि डिसेंबरमध्ये बंद केली. मेजरच्या हिशोबाने 9,860 गोळ्यांत 986 इमू मेले. पुढे कामाला आली ती लांबलचक कुंपणं आणि शेतकऱ्यांना इमूमागे दिलेलं बक्षीस.

प्रश्न: नॉर्वेत एका गावात मरायला कायद्याने बंदी आहे असं वाचलं. तिकडे फिरायला जाता येतं का? व्हिसा लागत नाही असंही ऐकलं.

लाँगयिअरब्येन, स्वालबार्ड बेटांवर, 78 अंश उत्तरेला. मरायला बंदी वगैरे काही नाही, असा कायदा कोण करणार. खरं कारण जमिनीत आहे. तिथली जमीन खोलवर कायम गोठलेली असते, त्यामुळे पुरलेलं शरीर कुजत नाही, आणि वरचा थर दरवर्षी गोठतो-वितळतो त्यामुळे शवपेट्या हळूहळू वर येतात. म्हणून 1950 च्या सुमारास तिथे शवपेटीत पुरणं बंद झालं, अस्थींचा कलश पुरायला परवानगी मिळू शकते. शिवाय गावात वृद्धाश्रम नाही, मोठं हॉस्पिटल नाही, त्यामुळे म्हातारी आणि आजारी माणसं मुख्य नॉर्वेत जातात, आणि बायका बाळंतपणासाठीही आधीच तिकडे जातात.

तिथल्या स्मशानात 1918 च्या इन्फ्लुएंझात गेलेले सात तरुण पुरलेत. 1998 मध्ये शास्त्रज्ञांनी तो विषाणू मिळेल म्हणून त्या कबरी उघडल्या, पण पेट्या उथळ थरात होत्या, वर्षानुवर्षं गोठून-वितळून फारसं काही उरलं नव्हतं. जे तिथे जमलं नाही ते आदल्याच वर्षी अलास्कात एका माणसाने जवळजवळ एकट्याने केलं होतं. योहान हल्टिन यांनी 1951 मध्ये, विद्यार्थी असताना, ब्रेविग मिशन नावाच्या छोट्या वस्तीत प्रयत्न केला होता. तिथे 1918 च्या नोव्हेंबरमध्ये 80 पैकी 72 मोठी माणसं गेली होती. तेव्हा जमलं नाही. मग 1997 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी, गावकऱ्यांची परवानगी घेऊन ते परत गेले, गोठलेल्या जमिनीत खणलं आणि एका बाईच्या फुप्फुसाचा नमुना घेऊन आले. त्यातून आणि इतर जतन केलेल्या नमुन्यांतून 2005 पर्यंत त्या विषाणूचा संपूर्ण आराखडा वाचता आला. शेचाळीस वर्षं एक प्रश्न मनात धरून ठेवणारा हा माणूस, त्याच्याबद्दल जेवढं वाचावं तेवढं कमी.

आता व्हिसा. स्वालबार्डला स्वतःला व्हिसा लागत नाही हे खरं, पण नेहमीची विमानं नॉर्वेमधून जातात, आणि नॉर्वे शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) येतं पण स्वालबार्ड त्याच्या बाहेर आहे, त्यामुळे ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी डबल किंवा मल्टिपल एंट्रीचा घ्या, नाहीतर येताना परत शेंगेनमध्ये शिरताना अडकाल. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत दिवसा पण काळोख असतो, ऑरोरा, म्हणजे आकाशातले ते रंगीत प्रकाशाचे पडदे, बघायचा असेल तर चांगलं, बाकी काही दिसणार नाही. आणि गावाबाहेर पाऊल टाकायचं तर गाइडबरोबरच, कारण पांढरी अस्वलं खरंच फिरत असतात आणि गाइडकडे रायफल असते. जगभरातल्या पिकांचं बियाणं साठवणारी ती प्रसिद्ध तिजोरी 2008 पासून इथेच डोंगरात आहे, पण आत पर्यटकांना सोडत नाहीत, दार बाहेरून बघायचं.

प्रश्न: ख्रिसमस आयलंडचे लाल खेकडे बघायला नोव्हेंबरची बुकिंग करू का? तारीख नक्की सांगा.

हिंदी महासागरातल्या ऑस्ट्रेलियाच्या या बेटावरची तारीख कोणीच आधीपासून देऊ शकत नाही कारण ती पाऊस आणि चंद्र मिळून ठरवतात. पहिला चांगला पाऊस झाला की, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, कोट्यवधी खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात. माद्या अंडी सोडतात ती कृष्ण पक्षात, चंद्र अर्धा उरलेला असताना, पहाटे भरती ओसरायला लागते त्या वेळी. त्यामुळे कॅलेंडर उघडा, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमधल्या वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस काढा, त्यातला एखादा गाठायचा आणि पाऊस उशिरा झाला तर पुढचा, अशी बदलता येणारी बुकिंग करा. पार्कवाले दरवर्षी अंदाज जाहीर करतात तोही बघत राहा. विमान पर्थहून जातं आणि रोज नसतं. गाडी भाड्याने घेतलीत तर लक्षात ठेवा, त्या दिवसांत बरेच रस्ते बंद असतात, खेकड्यांसाठी रस्त्यावरून खास पूल बांधलाय, आणि उघड्या रस्त्यावरही कोणीतरी पुढे उतरून दांड्याने खेकडे बाजूला करत जावं लागतं, त्यामुळे दहा मिनिटांच्या अंतराला तास धरून चाला.